उचललेला ट्रक आणि त्याचे शॉक : प्रस्तावना

अमेरिकेत पिकअप ट्रक घेतलेला माणूस तो कंपनीने दिला तसा फार काळ ठेवत नाही. आधी टायर बदलतात, मग हौद्यावर टोपण चढते, पुढे लोखंडी बंपर लागतो आणि कधीतरी गाडी दोन-अडीच इंच उचलली जाते. लिफ्ट करून आणलेली गाडी अंगणात उभी करून मालक चार पावले मागे सरकतो, तिच्याकडे बघून खूश होतो. दुसऱ्या दिवशी कामावर निघाल्यावर पहिल्याच स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून ‘टक्’ असा आवाज येतो. बहुतेकांचा शॉकॲब्सॉर्बरचा अभ्यास इथे सुरू होतो. खरे तर तो लिफ्टच्या आधी व्हायला हवा.

या विषयावर मराठीत पुस्तक निघते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. टॅकोमा, रँग्लर किंवा एफ-१५० घेऊन युटाच्या, कोलोरॅडोच्या कच्च्या वाटांना लागणारी मराठी मंडळी आता नवलाईची राहिलेली नाहीत. त्यांच्या गप्पांमध्ये शॉकचा विषय निघतोच, आणि निघाला की प्रश्न ठरलेला असतो : सर्वांत चांगला शॉक कोणता? बाजारात मालाला तोटा नाही. जर्मनीचे बिलस्टीन, अमेरिकेतले फॉक्स, किंग आणि रँचो, ऑस्ट्रेलियाचे ओल्ड मॅन एमू. चार शॉकचा संच काहीशे डॉलरपासून काही हजार डॉलरपर्यंत कुठेही मिळतो. ज्याने जो घेतला तो त्याचे गुण गातो, कारण पैसे त्याचे गेलेले असतात.

पुस्तकाचे लेखक या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नाकारतात, आणि पुस्तकाचे खरे मोल मला यातच वाटते. त्यांचे म्हणणे सरळ आहे. गाडीवर कायमचे वजन किती, टायर कोणता, वर्षातले बहुतेक मैल कोणत्या रस्त्यावर जाणार आणि उंची किती वाढवायची, या चार गोष्टी ठरल्या की शॉक जवळजवळ आपोआप ठरतो. त्या ठरलेल्या नसतील तर कितीही महागडा शॉक घ्या, तो दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीसाठी बनवलेला असतो. शॉक सर्वांत शेवटी निवडायचा असतो. आपण तो सर्वांत आधी निवडतो आणि मग बाकीची गाडी त्याच्याभोवती बसवायला बघतो.

हे पटण्यासाठी शॉक नेमके काय करतो ते आधी स्पष्ट हवे. गाडीचे वजन शॉक पेलत नाही. ते काम पुढच्या स्प्रिंगचे आणि मागच्या कमानपाट्यांचे. स्प्रिंग दाबली गेली की घेतलेली ऊर्जा ती परत करते, पुन्हा दाबली जाते, पुन्हा उसळते. एकटीवर सोडली तर एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ डुलत राहील. ही उसळी शॉक जिरवतो. त्याच्या नळीत तेल असते, तेलात दांड्याच्या टोकाला पिस्टन असतो. पिस्टनला भोके असतात आणि त्या भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची चळत बसवलेली असते. दांडा हलला की तेलाला त्या चकत्या वाकवून पलीकडे जावे लागते. चकत्या जितक्या जाड, तितका विरोध जास्त. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या दारावर वरच्या बाजूला बसवलेला डोअर-क्लोजर हेच करतो. दार धाडकन आपटू देत नाही, पण बंद होण्यापासून अडवतही नाही. गाडीत दाबले जाण्याचा आणि उसळून परत येण्याचा, असे दोन्ही विरोध वेगवेगळे ठरवलेले असतात. जिरवलेली ऊर्जा कुठे जाते? उष्णतेत. म्हणून तासभर खडबडीत रस्त्यावर चाललेल्या गाडीच्या शॉकला हात लावू नये.

इथे नव्या माणसाची गफलत हमखास होते. शॉकच्या भाषेत ‘कमी वेग’ आणि ‘जास्त वेग’ म्हणजे गाडीचा वेग नव्हे, दांड्याचा. हायवेवर सत्तर मैलांच्या वेगाने लेन बदलताना गाडी कलते तेव्हा दांडा अगदी सावकाश सरकत असतो. उलट पार्किंगमध्ये दहाच्या वेगाने फुटपाथच्या कडेवरून चाक धप्पकन खाली पडले तर दांडा सपाट्याने धावतो. काही शॉक सावकाश हालचालीला कडक विरोध करतात आणि हालचाल वेगवान झाली की त्यांचा विरोध त्या प्रमाणात वाढत नाही. बिलस्टीनचा ५१०० हा त्यातला नामांकित नमुना. गाडी वळणावर कमी कलते, ब्रेक लावल्यावर नाक खाली घालत नाही, पण रस्त्यावरचा बारीकसारीक खडबडाटही आतपर्यंत जाणवतो. काही शॉकचा विरोध वेगाबरोबर सरळ रेषेत वाढत जातो. ते छोट्या खड्ड्यांवर मऊ वाटतात आणि वळणावर थोडे सैल. एकाला चांगला आणि दुसऱ्याला वाईट म्हणण्यात अर्थ नाही. दोघांचा स्वभाव वेगळा आहे, एवढेच.

या यंत्राचा इतिहास लेखकांनी थोडक्यात पण नेमका दिला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाड्यांना घर्षणावर चालणारे शॉक असत. फ्रान्समधल्या त्र्युफो यांची घर्षणचकत्यांची कल्पना हार्टफर्ड यांनी अमेरिकेत आणली. पुढे तेलावर चालणारे, तरफेचे हूडाय शॉक आले आणि फोर्डच्या मॉडेल-ए गाडीवर बसले. मग दुर्बिणीसारखी आतबाहेर सरकणारी, आज सर्वत्र दिसणारी नळी रूढ झाली. दुहेरी नळीच्या शॉकमध्ये तेल आणि वायू एकाच जागेत नांदतात. जोरात हलवले की ते एकमेकांत मिसळून फेस होतो, आणि फेसाला विरोध कसला करता येणार! फ्रेंच अभियंते द कार्बोन यांनी एकाच नळीत तरता पिस्टन घालून वायू आणि तेल वेगळे केले. १८७३ साली खिडक्यांच्या लोखंडी जोडण्या बनवण्यापासून सुरुवात केलेल्या बिलस्टीन कंपनीने हे तंत्र हाती घेतले आणि १९५७मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांसाठी असे शॉक कारखान्यात बनू लागले. आज आपण ‘मोनोट्यूब’ म्हणतो तो हाच.

ट्रकच्या शॉकला खरे वळण मात्र वाळवंटाने लावले. १९६७मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात तिहुआना ते ला पास अशी पहिली मोठी शर्यत झाली. पुढे ती ‘बाहा १०००’ म्हणून गाजली. तिथे शॉक तापून निकामी होत. म्हणून एका चाकाला दोन-दोन, तीन-तीन शॉक लावणे, नळी जाड करणे, तेलासाठी बाजूला वेगळी टाकी जोडणे, पिस्टन जसजसा आत जाईल तसतसा विरोध वाढवणारे बायपास शॉक बनवणे, हे सारे गरजेपोटी घडत गेले. मोटारसायकलच्या शर्यतींसाठी १९७४मध्ये सुरू झालेली फॉक्स कंपनी या वाटेने ट्रकपर्यंत आली. २०१०च्या मॉडेलपासून फोर्डने रॅप्टरवर फॉक्सचे बायपास शॉक कारखान्यातूनच दिले. २०१७मध्ये शेव्हरोलेच्या कोलोरॅडो झेडआर-२वर मल्टिमॅटिकचे निराळ्या जातीच्या व्हॉल्व्हचे शॉक आले आणि त्याच वर्षी टॅकोमाच्या टीआरडी प्रो गाडीवर फॉक्स बसले. याचा तुमच्या-माझ्याशी संबंध असा, की ‘कंपनीचा शॉक म्हणजे टाकाऊ’ हे आता सरसकट खरे नाही. टॅकोमाच्या टीआरडी ऑफरोड प्रकारात मुळातच बिलस्टीनचे मोनोट्यूब शॉक असत. ज्याच्या गाडीखाली आधीच चांगला शॉक आहे, त्याने नवा घेण्याआधी जुन्याचे काय दुखते आहे ते विचारावे.

पुस्तकात सगळी गणिते २०१६ ते २०२३ या तिसऱ्या पिढीच्या टॅकोमावर मांडली आहेत आणि ही निवड योग्य आहे. पुढे दोन आर्मच्या मध्ये स्प्रिंग आणि शॉक एकत्र, मागे अखंड एक्सल आणि कमानपाटे. मध्यम आकाराच्या बहुतेक पिकअपची बांधणी अशीच असते. लिफ्ट म्हणजे नक्की काय होते, हे या गाडीवर चांगले उमगते.

समजा, पुढच्या चाकाला वरखाली मिळून आठ इंच हलायला वाव आहे. गाडी सपाटीवर उभी असताना चार इंच वर आणि चार इंच खाली. आता स्प्रिंगखालची बशी वर सरकवून गाडी अडीच इंच उचलली. शॉकची लांबी तीच आहे, त्यामुळे एकूण वाव आठच इंच राहिला. वर जायला साडेसहा इंच मिळाले, पण खाली लटकायला उरले दीड. स्पीडब्रेकर ओलांडून चाक खाली पडते तेव्हा ते दीड इंच लगेच संपतात, शॉक पूर्ण ताणला जातो आणि आत धातूवर धातू आदळतो. तो ‘टक्’ आवाज याचा. अनेकांना वाटते, बशी वर सरकवली म्हणजे स्प्रिंग कडक झाली. स्प्रिंग होती तेवढीच कडक आहे. कमी झाला आहे तो खाली जाण्याचा वाव. उंची फुकट मिळत नाही, ती चाकाच्या हालचालीतून उसनी घेतलेली असते.

दुसरा मार्ग म्हणजे शॉकच्या डोक्यावर ठोकळा बसवणे. शॉक खालच्या आर्मच्या मध्यावर टेकत असल्याने एक इंचाचा ठोकळा गाडीला जवळजवळ दोन इंच उचलतो. स्वस्तात काम होते, खाली जाण्याचा वावही टिकतो. मात्र चाक पूर्वीपेक्षा अधिक खाली लटकते आणि त्याची शिक्षा बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट भोगतात. शिवाय चाक पूर्ण वर गेले की बंपस्टॉपला टेकण्याआधीच शॉकचा दांडा तळाला ठोकर देण्याची भीती असते. म्हणून अडीच-तीन इंचांच्या पुढे जायचे तर वरचे आर्मही बदलावे लागतात. नाहीतर अलाइनमेंटमध्ये कॅस्टर पुरेसा मिळत नाही आणि स्टिअरिंग हायवेवर भरकटते. चांगल्या अलाइनमेंटच्या दुकानात विचारले तर ते हे पहिल्याच वाक्यात सांगतात.

मागची बाजू सोपी वाटते आणि तिथेच जास्त चुका होतात. पाटे वाढवून किंवा ठोकळे घालून मागून दोन इंच उचलले आणि शॉक जुनाच ठेवला, तर तो कायम अर्धवट ताणलेल्या अवस्थेत राहतो. उलट हौसेने फार लांब शॉक घातला तर एक्सल वर येताना बंपस्टॉपच्या आधी शॉकच तळाला लागतो आणि सगळा धक्का त्याच्या बुशवर आणि चासीवरच्या कानावर बसतो. लेखकांनी दिलेली रीत जुन्या मिस्त्रीची आहे. गाडी सपाटीवर उभी असताना वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंतचे अंतर मोजायचे. मग एक्सल बंपस्टॉपला टेकवून मोजायचे, मग पूर्ण लटकवून मोजायचे. शॉकची मिटलेली लांबी टेकल्या अवस्थेतल्या अंतरापेक्षा थोडी कमी हवी आणि ताणलेली लांबी लटकत्या अवस्थेतल्या अंतरापेक्षा थोडी जास्त. दोन्हीकडे अर्धा-पाऊण इंच सूट ठेवावी. टेप, दोन जॅक आणि एक सुट्टीची सकाळ एवढेच भांडवल लागते. डब्यावर ‘० ते २ इंच लिफ्टसाठी’ असे छापलेले असते ते मोघम असते; तुमच्या गाडीचे माप तुमच्या टेपवर असते.

लिफ्टने काय मिळत नाही, हे प्रकरण सर्वांनी दोनदा वाचावे. एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा लिफ्टने तसूभरही वर जात नाही, कारण एक्सल चाकांवर उभा असतो आणि लिफ्ट त्याच्या वर होते. तो उचलायचा तर टायरच मोठा हवा. टॅकोमाचा २६५/७०आर१६ टायर साधारण ३०.६ इंच उंच, तर २८५/७०आर१७ साधारण ३२.७ इंच; फरक दोन इंचांचा, म्हणजे एक्सलखाली मिळाला एक इंच. त्या एका इंचासाठी टायर जड होतो, आणि जड चाक आवरायला शॉकला जास्त मेहनत पडते. जड चाकांवर कंपनीचा शॉक नाचू लागतो त्याचे कारण हे. दुसरी गोष्ट वजनाची. लिफ्टने गाडीची वजन वाहण्याची क्षमता वाढत नाही. ती दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेली असते आणि कितीही पाटे घातले तरी तो आकडा तोच राहतो. लोखंडी बंपर, विंच, छतावरचा तंबू, पाण्याचे कॅन आणि चार माणसे, एवढ्यात तो संपतो. रिकाम्या गाडीसाठी घेतलेला शॉक या वजनाखाली दमतो आणि भरलेल्या गाडीसाठी घेतलेला शॉक सोमवारी ऑफिसला जाताना कंबर खिळखिळी करतो. म्हणून पहिला प्रश्न वजनाचा.

आता तुलनेकडे वळू. पुस्तकाचा हा गाभा आहे. लोक तुलना करतात ती बहुतेक वेळा नव्याची आणि झिजलेल्याची असते. साठ-सत्तर हजार मैल चाललेला शॉक काढून नवा घातला की कोणताही नवा शॉक स्वर्गीय वाटतो. त्यात स्प्रिंग नवी, टायर नवे, अलाइनमेंट नुकतीच झालेली. श्रेय मात्र सारे शॉकला. खरी तुलना करायची तर गाडी तीच, वजन तेच, टायरमधली हवा तीच, रस्ता आणि वेगही तोच ठेवून फक्त शॉक बदलला पाहिजे. हवेचे नाव मुद्दाम घेतले, कारण टायरमधले पाच-सात पीएसआय इकडचे तिकडे झाले तरी शॉक बदलल्यासारखा भास होतो.

अंदाजावर विसंबायचे नसेल तर एक छोटी युक्ती पुस्तकात आहे. शॉकचा चकचकीत दांडा जिथे नळीत शिरतो, तिथे प्लास्टिकची बारीक झिप-टाय घट्ट बांधून नळीला टेकवून ठेवायची. गाडी नेहमीच्या कच्च्या रस्त्यावर फिरवून आणायची. दांडा आत गेला की नळीची कड टायला दांड्यावर वर ढकलते आणि दांडा बाहेर आला तरी टाय तिथेच राहते. घरी आल्यावर नळीपासून टायपर्यंतचे अंतर मोजले की शॉक जास्तीत जास्त किती दाबला गेला ते कळते. टाय दरवेळी अगदी टोकाला जाऊन बसत असेल तर स्प्रिंग तरी मऊ आहे किंवा शॉकचा विरोध अपुरा आहे. निम्म्यावरही जात नसेल तर तुम्ही पैसे मोजून घेतलेली हालचाल वापरातच येत नाही. काही पैशांच्या त्या तुकड्याइतका प्रामाणिक परीक्षक दुसरा नाही.

रस्त्याचा प्रश्नही असाच हाताळला आहे. डेथ व्हॅलीत उबेहेबी क्रेटरपासून रेसट्रॅक प्लायापर्यंत जाणारा सुमारे सत्तावीस मैलांचा कच्चा रस्ता प्रसिद्ध आहे तो पन्हाळी पत्र्यासारख्या लाटांसाठी आणि टायर फाडणाऱ्या दगडांसाठी. दोन लाटांमध्ये दोन फूट अंतर धरले आणि गाडी तीस मैलांच्या वेगाने चालली, तर प्रत्येक चाकाला सेकंदाला सुमारे बावीस धक्के बसतात. उसळून परत येण्याचा विरोध फार कडक असेल तर पहिल्या धक्क्यातून चाक सावरायच्या आत दुसरा बसतो, मग तिसरा. गाडी हळूहळू खाली दबत जाते आणि वाव संपून हाडे मोजते. अशा रस्त्यावर तासन्‌तास चालणाऱ्याला जास्त तेलाची, बाजूच्या टाकीची किंवा जाड नळीची गरज खरोखरच असते. ४६ मिलिमीटरच्या पिस्टनऐवजी ६० मिलिमीटरचा घेतला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७० टक्क्यांनी वाढते. तेवढाच विरोध कमी दाबात मिळतो आणि उष्णता पसरायला तेल जास्त मिळते. पण वर्षातून दोनदा कच्च्या वाटेला जाणाऱ्या आणि एरवी फ्रीवेवर धावणाऱ्या गाडीला टाकीचे शॉक म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

निरनिराळ्या कंपन्यांबद्दल लेखकांनी पक्षपात न करता लिहिले आहे. ५१००चा कडकपणा, पुढची उंची कमी-जास्त करायच्या त्याच्या खाचा आणि परवडणारी किंमत त्यांनी नोंदवली आहे. रँचोच्या आरएस ९००० मालिकेतली नऊ खुणांची फिरकी बदलत्या वजनाच्या गाडीला उपयोगी पडते, हेही सांगितले आहे. ओल्ड मॅन एमू ही १९७५मध्ये मेलबर्नला सुरू झालेल्या एआरबीची मालिका. तिच्या नायट्रोचार्जर शॉकमध्ये दुहेरी नळी आहे, म्हणून काही जण नाक मुरडतात. पण बाहेरच्या नळीला दगडाने पोचा पडला तरी आतला पिस्टन चालत राहतो. मोनोट्यूबला तसाच पोचा पडला तर पिस्टन तिथेच अडकू शकतो. गॅरेजपासून शेकडो मैल दूर असलेल्या माणसाला हा हिशेब महत्त्वाचा वाटतो. किंग आणि फॉक्सचे वरच्या श्रेणीतले शॉक उघडून, सील आणि तेल बदलून, चकत्यांची चळत हवी तशी पुन्हा रचता येते. ते घेणाऱ्याने ही देखभालही किमतीत धरावी.

कायद्याचे आणि सुरक्षेचे प्रकरण कंटाळवाणे म्हणून ओलांडू नये. गाडी उचलली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि उलटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून सर्व हलक्या वाहनांना स्थिरता-नियंत्रण सक्तीचे आहे. ती यंत्रणा मूळ उंची आणि मूळ टायर गृहीत धरून आखलेली असते. पुढचा रडार, कॅमेरा आणि हेडलाइट यांचे कोन लिफ्टनंतर तपासून घ्यावेत. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत; नॉर्थ कॅरोलायनाने पुढून उंच आणि मागून बसक्या ट्रकवर डिसेंबर २०२१पासून बंदीच घातली. वॉरंटीच्या बाबतीत मात्र फार घाबरायला नको. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे केवळ बाहेरचा शॉक लावला म्हणून डीलरला सगळी वॉरंटी रद्द करता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे त्याला दाखवावे लागते.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे पुस्तक थोड्या वेगळ्या नजरेने वाचावे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल पाहता नोंदणीतल्या मूळ तपशिलापलीकडचे बदल आपल्याकडे अडचणीत आणू शकतात. तेव्हा थार किंवा जिम्नी उचलण्याआधी आरटीओत चौकशी करावी. पण शॉक कसा चालतो, का तापतो आणि कधी दमतो, हे ज्ञान कशेडी घाटातही तितकेच कामाचे आहे. गॅब्रिएल इंडियासारखी १९६१ साली मुंबईत सुरू झालेली कंपनी चाकण आणि नाशिकच्या कारखान्यांत शॉक बनवते. हा विषय आपल्याला परका मुळीच नाही. मराठीत तो नीट लिहिला गेला नव्हता, इतकेच.

भाषेबद्दल एक सांगतो. गॅरेजमध्ये जे शब्द चालतात तेच लेखकांनी ठेवले आहेत. बुशला बुश आणि एक्सलला एक्सल म्हटले आहे. आकृत्या स्वच्छ आहेत, मापे इंचांत आहेत आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कामाची यादी आहे. ज्याला घाई आहे त्याने वजनाचे आणि मापांचे अशी दोन प्रकरणे वाचून मग दुकानात जावे.

दोन-अडीच इंच उचललेल्या, रोज वापरातल्या आणि अधूनमधून कच्च्या वाटेला जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना योग्य लांबीचा साधा मोनोट्यूब शॉक, वजनाला साजेशी स्प्रिंग आणि चोख अलाइनमेंट एवढे पुरते. याहून जास्त खर्च करायचा असेल तर त्याचे कारण कागदावर एका ओळीत लिहिता आले पाहिजे. ते लिहिता आले तर जरूर खर्च करा. नाही आले तर ते पैसे टायरवर आणि पेट्रोलवर घाला.